वाचकांचे प्रश्न : त्वचेखालून दिले जाणारे सलाईन

घरातील वृद्ध आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या शुश्रूषेविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये गेल्या काही दिवसांत एकच विषय वारंवार दिसला. शीर सापडत नसेल तर पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली सुई ठेवून सलाईन द्यावे का, असे सातारा जिल्ह्यातील अनेकांनी विचारले आहे. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली असून काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय चौऱ्याऐंशी आहे. तापानंतर त्यांचे खाणेपिणे तुटले, जीभ कोरडी पडली आणि त्या मधूनमधून बरळू लागल्या, म्हणून आम्ही त्यांना साताऱ्यात एका खासगी रुग्णालयात ठेवले. दोन्ही हातांवर टोचून टोचून काळेनिळे डाग पडले, तरी शीर मिळेना. शेवटी सिस्टरांनी पोटाच्या कातडीत बारीक सुई घालून सलाईन सुरू केले. सुईभोवती फुगवटा आला तेव्हा नणंदबाई घाबरल्या. सलाईन शिरेबाहेर गेले की हात सुजतो आणि मग सुई काढून टाकतात, असेच आम्ही आजवर पाहिले आहे. येथे तर मुद्दामच शिरेबाहेर सोडत होते. हे योग्य होते का? – एक भगिनी, कोरेगाव तालुका

उत्तर : आपण वर्णन केलेल्या परिस्थितीत ते योग्य होते. हातात लावलेली सुई शिरेतून सरकली आणि सलाईन आजूबाजूच्या मांसात झिरपू लागले, तर तो बिघाड असतो. शिरेसाठी ठरवलेल्या वेगाने पाणी अरुंद जागेत भरते, हात ताठ होतो, दुखतो, आणि त्या बाटलीत एखादे दाहक औषध घातलेले असेल तर कातडीला इजाही होते. त्वचेखालून मुद्दाम सलाईन देताना यातली प्रत्येक गोष्ट निराळी असते. जागा सैल आणि चरबीची निवडतात, द्रव साधे असते आणि वेग बराच कमी ठेवतात. शेताला पाटाने पाणी सोडणे आणि ठिबकने देणे यांत जो फरक आहे तोच येथे आहे. जमिनीत मुरेल तेवढ्याच वेगाने पाणी आले, तर ते साचून राहत नाही.

त्वचेच्या खाली चरबीचा आणि सैल जाळीदार ऊतींचा एक थर असतो. त्यात केसांहून बारीक रक्तवाहिन्या आणि रसवाहिन्या सर्वत्र पसरलेल्या असतात. तेथे सोडलेले मिठाचे पाणी हळूहळू या वाहिन्यांत शोषले जाते आणि रक्तात पोहोचते. एका जागेत साधारणपणे मिनिटाला एक मिलिलिटर, म्हणजे तासाला साठ मिलिलिटर, या वेगाने शोषण नीट होते. एका जागी चोवीस तासांत दीड लिटरपर्यंत आणि दोन जागा वापरल्या तर एकूण तीन लिटरपर्यंत देता येते, असे मानले जाते. मात्र कृश वृद्धांना सहसा इतके लागत नाही. दिवसाला अर्धा ते एक लिटर पुरेसे ठरते, आणि ते रात्री झोपेत दिले तर दिवसा रुग्ण मोकळा राहतो. सुईभोवतीचा फुगवटा मऊ असेल, दुखत नसेल आणि सलाईन थांबल्यावर काही तासांत ओसरत असेल, तर ते द्रव मुरत असल्याचे लक्षण आहे. नणंदबाईंना हे आधी सांगितले असते, तर त्या घाबरल्या नसत्या. रुग्णालयात असे सांगण्याला कोणी फारसा वेळ देत नाही, ही आपल्याकडची जुनी उणीव आहे.

ही पद्धत नवी नाही. एकोणिसाव्या शतकात, 1865 च्या सुमारास, इटलीत पटकीच्या रुग्णांवर ती वापरली गेल्याची नोंद आहे, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती लहान मुलांसाठी व वृद्धांसाठी सर्रास वापरात होती. पुढे 1950 च्या दशकात ती बदनाम झाली. त्या काळी काही ठिकाणी मीठ नसलेले नुसते साखरेचे पाणी किंवा फार तीव्र द्रावणे त्वचेखाली भरली गेली. अशा द्रावणामुळे शरीरातील क्षार व पाणी उलट त्या जागेकडे ओढले जाते, रक्ताभिसरणातील द्रव कमी होते आणि रुग्ण कोसळू शकतो. त्याच सुमारास शिरेतून सलाईन देण्याची साधने सोपी झाली, त्यामुळे ही पद्धत मागे पडली. 1980 नंतर वार्धक्यचिकित्सा आणि उपशामक सेवा, म्हणजे बरा न होणाऱ्या रुग्णाचा त्रास कमी करणारी शुश्रूषा, या दोन क्षेत्रांनी ती पुन्हा उचलली. दोष द्रावणाच्या निवडीत आणि वेगात होता, हे तोपर्यंत स्पष्ट झाले होते. म्हणून आजही नुसते पाच टक्के डेक्स्ट्रोज त्वचेखालून देऊ नये. ज्यात लिटरमागे नऊ ग्रॅम मीठ असते ते नॉर्मल सलाईन सर्वांत सुरक्षित समजले जाते, आणि साखर व मीठ यांची काही सौम्य मिश्रणेही डॉक्टर सांगतात.

आपल्या सासूबाईंना हा उपाय लागू पडला याचे कारण त्यांचा शोष, म्हणजे शरीरातील पाण्याची घट, सौम्य ते मध्यम होता. वृद्धपणी तहानेची जाणीवच मंदावते, मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची ताकद कमी होते आणि शरीरातील पाण्याचा साठाही तरुणपणाच्या मानाने घटलेला असतो. त्यामुळे दोन दिवसांच्या तापानेही वृद्ध माणूस बरळू लागतो आणि घरच्यांना वाटते की म्हातारपणाने डोके फिरले. पाणी भरून निघाले की पुष्कळदा बोलणे ताळ्यावर येते. मात्र हातपाय गार पडले आहेत, नाडी लागत नाही, रक्तदाब उतरला आहे, जुलाब-उलट्या थांबत नाहीत किंवा रक्तस्राव झाला आहे, अशा वेळी त्वचेखालचा मार्ग निरुपयोगी आहे. शरीर तेव्हा त्वचेकडचा रक्तपुरवठा आवरून घेते आणि सोडलेले पाणी जागच्या जागी पडून राहते. अशा रुग्णाला शिरेतूनच, तेही वेगाने, द्रव मिळायला हवे. त्यासाठी वेळ न दवडता 108 क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

प्रश्न : मी कराडजवळच्या एका लहान रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्याकडे वृद्ध रुग्ण पुष्कळ येतात. आमचे डॉक्टर त्वचेखालून सलाईन देण्यास तयार आहेत, परंतु आम्हा कोणालाच हाताने केल्याचा अनुभव नाही. जागा, सुई, थेंबांचा हिशेब आणि देखरेख याविषयी सविस्तर सांगावे. – एक परिचारिका, कराड तालुका

उत्तर : प्रथम डॉक्टरांचा लेखी आदेश घ्यावा. त्यात कोणते द्रव, किती, किती तासांत आणि त्वचेखालून, हे चारही तपशील असावेत. बहुतेक बाटल्यांवर शिरेतून देण्याविषयीच छापलेले असते. त्यामुळे पुढच्या पाळीतील परिचारिकेचा गोंधळ होऊ नये म्हणून बाटलीवर आणि नळीवर ‘त्वचेखालून’ अशी ठळक चिठ्ठी चिकटवावी. त्या नळीतून कोणी सवयीने शिरेची औषधे ढकलली, तर अनर्थ होऊ शकतो.

जागा निवडताना दोन बोटांच्या चिमटीत कातडी उचलून पाहावी. चांगली घडी हातात आली, तर खाली पुरेसा थर आहे असे समजावे. पोटावर बेंबीपासून किमान पाच सेंटिमीटर बाजूला, मांडीचा पुढचा किंवा बाहेरचा भाग, दंडाची बाहेरची बाजू आणि छातीवर गळपट्टीच्या हाडाखालचा भाग या नेहमीच्या जागा आहेत. चालता-फिरता रुग्ण असेल तर मांडी टाळावी. जो रुग्ण गोंधळलेला आहे आणि नळ्या ओढून काढतो, त्याच्या पाठीवर दोन खवाट्यांच्या मध्ये सुई ठेवली तर त्याचा हात तेथे पोहोचत नाही. फार कृश रुग्णाच्या छातीवर सुई ठेवणे मला स्वतःला पसंत नाही, कारण फासळ्यांवर चरबीच उरलेली नसते आणि सुई खोल जाण्याची भीती राहते. सुजलेला भाग, जखम, पुरळ, जुना व्रण, किरणोपचार झालेली कातडी, स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा दंड आणि जलोदराने ताणलेले पोट या जागा वर्ज्य समजाव्यात.

सुई तेवीस ते पंचवीस गेजची बटरफ्लाय, म्हणजे आपण लहान मुलांच्या डोक्यातील शिरेसाठी वापरतो ती, चालते. चोवीस गेजचा मऊ कॅन्युला मिळाला तर अधिक बरा, कारण तो टोचत राहत नाही. हात धुऊन, नळी व सुई सलाईनने भरून हवा काढून घ्यावी. कातडी निर्जंतुक द्रवाने पुसावी आणि ती वाळू द्यावी. ओल्या स्पिरिटवरून टोचले की आग होते आणि रुग्ण पुढच्या वेळी हातच लावू देत नाही. मग कातडीची घडी उचलून, सुईचे छिद्र वर ठेवून, तीस ते पंचेचाळीस अंशांच्या कोनात सुई आत न्यावी. नळीत रक्त दिसले, तर सुई काढून नवी सुई दुसऱ्या जागी घालावी. रुग्ण लगेच कळवळला, तर सुई बहुधा स्नायूत गेली आहे किंवा फार वर राहिली आहे. सुईवर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. पांढऱ्या चिकटपट्टीचे चार थर लावले की खाली लाली आली आहे की नाही हे संध्याकाळपर्यंत कोणालाच कळत नाही. पट्टीच्या कडेला तारीख आणि वेळ लिहावी.

थेंबांच्या हिशेबासाठी आधी सेटच्या वेष्टनावर पाहावे, कारण एका मिलिलिटरला किती थेंब हे तेथे छापलेले असते. वीस थेंबांचा सेट असेल, तर मिनिटाला वीस थेंब म्हणजे तासाला साठ मिलिलिटर होतात आणि पाचशेची बाटली आठ तासांच्या थोडे पुढे चालते. साठ थेंबांच्या सूक्ष्म सेटला त्याच वेगासाठी मिनिटाला साठ थेंब लागतील. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय येथे नडते, कारण मंद वेगात एका थेंबाची चूकही मोठी होते. रुग्णाने कूस बदलली की वेग बदलतो, म्हणून तासाभराने पुन्हा पाहावे. पंप नसला तरी अडत नाही, कारण गुरुत्वाकर्षणाने हे काम उत्तम होते. मात्र बाटली संपत नाही म्हणून नातेवाइकाने चाकी सैल केली, असा प्रकार रात्रपाळीत हमखास घडतो. त्यामुळे त्यांना आधीच समजावून ठेवावे.

दर फेरीला फुगवट्यावर अंगठा हळूच दाबून पाहावा. मऊ लागला आणि रुग्णाने तोंड वाकडे केले नाही, तर चालू ठेवावे. फुगवटा कडक झाला असेल तर वेग कमी करावा आणि तरीही मुरत नसेल तर जागा बदलावी. लाली, गरमपणा, वेदना, पू किंवा गळती दिसली, तर सुई काढून डॉक्टरांना कळवावे. पोटावर किंवा मांडीवर दिलेले पाणी कधीकधी खाली उतरून जननेंद्रियाला सूज आणते. ते पाहून घरचे फार घाबरतात. अशा वेळी जागा बदलावी. काही बिघडले नाही तरी एक ते दोन दिवसांनी, किंवा एका जागेतून दीड ते दोन लिटर गेल्यावर, नवी जागा घ्यावी आणि ती जुन्या जागेपासून किमान पाच सेंटिमीटर दूर असावी.

सुईच्या जागेइतकेच लक्ष छातीकडे द्यावे. श्वासाचा वेग वाढणे, आडवे झाल्यावर खोकला येणे, घोट्यावर किंवा सतत झोपून असलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर सूज दिसणे, ही पाणी जास्त झाल्याची चिन्हे आहेत. दिलेले पाणी आणि झालेली लघवी या दोन्हींची नोंद ठेवावी. पाणी कमी आहे का, हे पाहताना वृद्धांच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटून काही कळत नाही, कारण ती वयानेच सैल झालेली असते. कपाळावरची किंवा छातीच्या मधल्या हाडावरची कातडी पाहावी, जीभ पाहावी आणि काख कोरडी आहे का तेही पाहावे.

आपण पत्राच्या शेवटी हायलुरोनिडेज या विकराविषयी विचारले आहे. ते ऊतींमधील चिकट द्रव्य तात्पुरते विरघळवते आणि त्यामुळे सलाईन लवकर मुरते. लिटरमागे दीडशे युनिट हे त्याचे नेहमीचे प्रमाण आहे. सावकाश वेगाने देताना त्याची गरज सहसा पडत नाही, शिवाय त्याची ॲलर्जीही होऊ शकते. ते नाही म्हणून आपण थांबू नये.

प्रश्न : माण तालुक्यातल्या उन्हाळ्यात आमच्या आजोबांना फार अशक्तपणा येतो. गावात एक जण दर आठवड्याला ताकदीची पिवळी बाटली लावून देतो. आता त्यांची शीर सापडत नाही. पोटातून देणे सोपे असेल तर औषधाच्या दुकानातून बाटली आणून आम्ही घरीच लावू शकतो का? – एक तरुण वाचक, दहिवडी परिसर

उत्तर : नाही. सुई घालणे सोपे आहे म्हणून निर्णयही सोपा आहे, असे नाही. आजोबांचे हृदय आणि मूत्रपिंड हे पाणी पेलतील का, हे तपासल्याशिवाय अर्धा लिटर मिठाचे पाणी शरीरात सोडणे धोक्याचे आहे.

ताकदीच्या बाटलीविषयी स्पष्टच लिहितो. नॉर्मल सलाईनच्या पाचशे मिलिलिटर बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि उरलेले पाणी असते. त्यात उष्मांक शून्य असतात. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच लहान चमचे. तिच्यापासून मिळणारी ऊर्जा एका ज्वारीच्या भाकरीपेक्षा जास्त नसते. पिवळा रंग बहुधा त्यात घातलेल्या जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनचा असतो, आणि तो लघवीवाटे दुसऱ्या दिवशी बाहेर पडतो. बाटलीनंतर आजोबांना बरे वाटत असेल, तर ते पाण्यामुळे. याचा अर्थ त्यांच्या शरीरात पाणी कमी पडते आहे आणि ते पाणी तोंडाने जाऊ शकते. जीवनसत्त्वे मिसळलेली बाटली त्वचेखालून देण्याचा विचार तर अजिबात करू नये, कारण ते मिश्रण ऊतींना झोंबते.

तोंडाने देणे हेच येथे खरे काम आहे, आणि ते कष्टाचे आहे म्हणूनच टाळले जाते. उशाशी तांब्या ठेवला म्हणजे वृद्ध माणूस पाणी पितो, असे नाही. त्याला तहानच जाणवत नाही. शिवाय रात्री उठावे लागेल आणि कोणाला तरी हाक मारावी लागेल, या संकोचाने तो मुद्दाम कमी पितो. जागेपणी दर अर्ध्या तासाला पाव वाटी, म्हणजे सुमारे पन्नास मिलिलिटर, हातात दिले, तर दिवसभरात जवळपास चौदाशे मिलिलिटर पोटात जातात. पाणीच हवे असे नाही. पातळ ताक, तांदळाची पेज, मुगाचे कढण, डाळीचे वरचे पाणी, बेताचा चहा हे सगळे त्यात धरावे. जुलाब झाले असतील तर जलसंजीवनीची पुडी, पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच, विरघळवून द्यावी आणि चोवीस तासांनी उरलेले पाणी फेकून द्यावे. पिताना ताठ बसवावे आणि हनुवटी थोडी खाली असावी. ठसका लागत असेल तर घोट लहान ठेवावा. प्रत्येक घोटाला ठसका लागत असेल तर मात्र पाजणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. डॉक्टरांनी पाणी मोजून पिण्यास सांगितले असेल तर मी वर दिलेले प्रमाण लागू नाही. लघवी गडद पिवळी व कमी होणे, अचानक भ्रम होणे किंवा उठताना चक्कर येणे असे काही दिसले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तेथे तपासून त्वचेखालून सलाईन देण्याचे ठरले, तर ते तेथील परिचारिकेच्या देखरेखीखाली द्यावे. माण-खटावमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या घरात झोपणाऱ्या वृद्धांना बाटलीपेक्षा जागा बदलून देण्याची गरज अधिक असते. त्यांना सावलीच्या, वारा खेळणाऱ्या सोप्यात आणून निजवावे.

प्रश्न : माझ्या वडिलांना यकृतापर्यंत पसरलेला कर्करोग आहे. डॉक्टरांनी आता उपचार थांबवून घरी न्यायला सांगितले. चार दिवसांपासून ते दोन-तीन चमच्यांवर पाणी घेत नाहीत, बराच वेळ झोपेतच असतात. भावकीतील माणसे म्हणतात, सलाईन न लावता तुम्ही त्यांना तहानेने मारत आहात. त्वचेखालून सलाईन घरी देता येते असे कळले. आम्ही ते मागावे का? – एक कन्या, वाई

उत्तर : आपण कोणालाही तहानेने मारत नाही. शरीर शेवटच्या टप्प्यात येते तेव्हा अन्नपाण्याची इच्छा आपोआप मावळते. माणूस पाणी थांबवल्याने त्या अवस्थेला जातो असे नसून, त्या अवस्थेला पोहोचल्यामुळे पाणी घेईनासा होतो. भावकीतील माणसांना हा क्रम उलटा दिसतो आणि त्यांचे बोलणे आपल्या जिव्हारी लागते, हे मी समजू शकतो.

या प्रश्नावर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत उपशामक सेवेखाली असलेल्या, कर्करोग पुढे गेलेल्या 129 रुग्णांपैकी काहींना रोज एक लिटर आणि काहींना नावापुरते शंभर मिलिलिटर सलाईन देऊन तुलना केली गेली. 2013 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थकवा, भ्रम, गुंगी यांसारख्या त्रासांत, जगण्याच्या गुणवत्तेत किंवा आयुष्याच्या लांबीत दोन्ही गटांमध्ये फरक आढळला नाही. उलट, ज्यांच्या शरीरात प्रथिने कमी झाली आहेत आणि पोटात पाणी साचू लागले आहे, त्यांना दिलेले सलाईन रक्तात न टिकता सूज, जलोदर आणि छातीतील घरघर वाढवू शकते. यकृताच्या कर्करोगात ही शक्यता अधिक असते.

तरीही मी सरसकट नाही म्हणणार नाही. वडील कालपर्यंत नीट बोलत होते आणि उलट्यांमुळे किंवा मॉर्फिनच्या मात्रेमुळे अचानक गुंगीत गेले, असे असेल, तर पाणी भरून पाहण्यात अर्थ असतो. अशा वेळी डॉक्टर एक-दोन दिवसांसाठी, दिवसाला अर्धा ते एक लिटर, असा मर्यादित प्रयोग करतात. गुंगी उतरली तर पुढे चालू ठेवतात. घरघर किंवा सूज वाढली तर थांबवतात. हे थांबवणे आधीच घरात सर्वांसमोर बोलून ठेवावे. एकदा लावलेली बाटली काढताना, आपणच दोर कापला असे कोणाला वाटू नये. त्वचेखालच्या सुईने हे घरी करता येते, रुग्णालयाच्या खाटेची गरज लागत नाही, एवढा तिचा निश्चित फायदा आहे. सुई मात्र प्रशिक्षित परिचारिकेने ठेवावी आणि रोज कोणीतरी येऊन पाहावे. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात उपशामक सेवेविषयी चौकशी करावी.

वडिलांच्या तोंडाच्या कोरडेपणावर सलाईन हा उपाय नाही. तोंडाने श्वास घेण्यामुळे आणि औषधांमुळे तोंड कोरडे पडते, पोटात किंवा शिरेत कितीही पाणी गेले तरी ते तसेच राहते. दर एक-दोन तासांनी स्वच्छ मऊ कापड गार पाण्यात बुडवून, पिळून, जीभ, हिरड्या आणि गालांची आतली बाजू हळुवार पुसावी. ओठांना साजूक तूप लावावे. जागे असतील आणि गिळत असतील, तर बर्फाचा लहानसा खडा किंवा चमचाभर पाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी सोडू नये, ते श्वासनलिकेत जाते. तुळशीपत्राने ओठ ओले करावेत. भावकीतील जे बोलतात त्यांच्याच हाती हे कापड द्यावे. पाणी मिळत नाही अशी त्यांची तक्रार आहे, तर ते देण्याचे काम त्यांनीही करावे.

प्रश्न : आमची गाय व्याल्यानंतर दुसऱ्या दिवशी बसली, कान गार पडले आणि मान कुशीकडे वळवून राहिली. पशुवैद्यांनी कॅल्शियमची अर्धी बाटली शिरेत आणि अर्धी कातडीखाली दिली. तासाभरात गाय उठली. जनावराला चालते तर माणसालाही औषधे अशीच का देत नाहीत? – एक दूध उत्पादक, फलटण तालुका

उत्तर : आपल्या गाईला दुग्धज्वर झाला होता. दूध उतरताना रक्तातील कॅल्शियम एकदम घटते. शिरेतील अर्ध्या बाटलीने गाय उठते आणि कातडीखालची अर्धी सावकाश शोषली जाऊन पुन्हा घट होऊ देत नाही, असा त्यामागे विचार असतो. गाईची कातडी सैल व विस्तीर्ण असते आणि तेथे कॅल्शियम बोरोग्लुकोनेट हा तुलनेने सौम्य क्षार वापरतात, तोही दोन-तीन जागी विभागून. माणसाला कॅल्शियमचे इंजेक्शन त्वचेखाली कधीही देत नाहीत, कारण त्याने तेथील ऊती मरतात आणि जखम होते. तेव्हा गोठ्यातील बाटली घरात आणण्याचा विचार कोणी करू नये.

प्रश्न : पाटण तालुक्यातील आमच्या वाडीवर रस्ता पावसाळ्यात बंद होतो. आईला वेदनांसाठी मॉर्फिनच्या गोळ्या आहेत, पण आता गिळता येत नाही. सलाईनच्या त्याच सुईतून वेदनेचे औषध देता येईल का? – एक वाचक

उत्तर : त्वचेखालून मॉर्फिन देणे ही उपशामक सेवेतील नेहमीची रीत आहे. उलटी, घरघर आणि बेचैनी यांवरील काही औषधेही त्याच मार्गाने जातात. त्यासाठी एक वेगळी बारीक सुई ठेवतात, सलाईनच्या नळीत मिसळत नाहीत. सलाईनचा वेग बदलला की औषधाची मात्राही बदलेल. डायझेपाम आणि क्लोरप्रोमाझिन यांसारखी औषधे त्वचेला जाळतात, म्हणून ती या मार्गाने देऊ नयेत. गोळीची आणि इंजेक्शनची मात्रा सारखी नसते. तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनच्या मानाने त्वचेखाली साधारण निम्मे किंवा त्याहून कमी लागते, आणि हा हिशेब डॉक्टरांनीच लिहून द्यायचा असतो. पाऊस लागण्याआधी औषधांचा साठा, लेखी मात्रा आणि उपकेंद्रातील आरोग्यसेविकेची भेट या तीन गोष्टींची व्यवस्था करून ठेवावी.

प्रश्न : वडिलांचे हृदय कमजोर आहे, पाय सुजतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. पाणी कमी पितात म्हणून त्वचेखालून सलाईन द्यावे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : देऊ नये. पायांवर सूज असताना शरीरात पाणी कमी नसून ते चुकीच्या जागी साचलेले असते, आणि आणखी मीठ-पाणी दिल्यास ते फुप्फुसात उतरू शकते. रक्त पातळ असताना सुईच्या जागी त्वचेखाली रक्त साकळण्याचीही भीती असते. ते किती पाणी पितात आणि रोज सकाळी लघवीनंतर वजन किती भरते, हे आठवडाभर वहीत लिहून ती वही हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावी. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले किंवा धाप लागली, तर आठवडा पुरा होण्याची वाट पाहू नये.